तीन नंबरची तार

आमच्या घरात कोणी काही काम सांगितलं की ते आधी तोंडाने परत म्हणायचं आणि मगच हात लावायचा, असा नियम होता. बाबा महूच्या लष्करी वर्कशॉपात बावीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करत होते. तिथे गाडीखाली झोपलेला माणूस आणि बाहेर उभा असलेला माणूस एकमेकांना दिसत नाहीत. बाहेरच्याने अवेळी चावी फिरवली तर आतल्याचा हात जातो, म्हणून प्रत्येक हुकूम परत म्हणतात. रिटायर होऊन इंदूरला मालवा मिलच्या मागे दोन खोल्या बांधल्या तेव्हा त्यांनी ही पद्धतही सामानाबरोबर आणली. आई चुलीपाशी हात पिठात घालून बसलेली असायची आणि ओरडायची, "सुने, डाळीत मीठ दीड चमचा!" मी म्हणायची, "दीड चमचा," आणि मग डबा उघडायची. "दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर कमी सांग." "अर्धा लिटर कमी." कॉलेजातली एक मैत्रीण घरी आली होती, ती पंधरा मिनिटं ऐकून म्हणाली, "तुम लोगों ने तो घर में तोते पाल रखे हैं!" मला त्या वेळी लाज वाटली होती. पण या नियमात एक गोष्ट गृहीत होती, ती मला तेव्हा कळली नव्हती. जो परत म्हणतो तो खरं म्हणतो, हे त्यात धरलेलं होतं. ते तपासायची सोय त्या नियमात नव्हती.

मी एकोणीस वर्षांची, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हाची ही गोष्ट. माझा मोठा भाऊ प्रदीप, आमचा दादा, एका टेंट हाऊसमध्ये लाइटिंगची कामं करायचा. त्या हिवाळ्यात त्याने जुनी पिकअप घेतली. लग्नाच्या वरातीला लागणारा मोठा जनरेटर दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेला असतो. तो आतापर्यंत ट्रॅक्टरला जोडून न्यायचे, आता दादा स्वतःच्या पिकअपला जोडून नेणार होता. पहिलीच ऑर्डर गौतमपुऱ्याची होती. देपालपुरावरून पुढे, साठेक किलोमीटर, आणि पोचायचं अंधारातच. बाबांनी एकच अट घातली. "मागे दिवा नसलेली ट्रॉली माझ्या दारातून बाहेर जाणार नाही." पिकअपच्या मागच्या हौद्याखाली एक सात छिद्रांचं सॉकेट बसवायचं, गाडीच्या मागच्या दिव्यांच्या तारांना त्यातून फाटे काढायचे आणि ट्रॉलीच्या केबलचा प्लग त्यात घालायचा, म्हणजे गाडीचा ब्रेक दाबला की ट्रॉलीचाही दिवा लागतो. शेजारचे गुप्ताजी ओट्यावर दात घासत उभे होते, ते तोंडातला फेस सांभाळत म्हणाले, "बाबूजी, पूरे मालवे में ट्रॉली के पीछे किसी ने लाइट देखी है? अब बैलगाड़ी में भी इंडिकेटर लगवा लो!" बाबा म्हणाले, "बैल आप ले आओ, तार मेरी." गुप्ताजींचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या रस्त्यावरच्या शंभरातल्या नव्वद ट्रॉल्या तेव्हा मागून काळ्याठिक्कर असायच्या. आजही बऱ्याच असतात.

अडचण एवढीच होती की आठच दिवसांपूर्वी बाबा पाण्याच्या टाकीवरून उतरताना पडले होते आणि त्यांचा उजवा हात कोपराच्या वरपर्यंत प्लास्टरमध्ये होता. दादाला पकड धरता यायची, पण तारांपुढे त्याला धीर नव्हता. राहिले मी. त्याआधीच्या दोन रविवारी बाबांच्या सांगण्यावरून मीच त्या पिकअपचं पोट घासून काढलं होतं. आधी तारेचा ब्रश, मग रेड ऑक्साइडचा एक हात, मग काळ्या रंगाचे दोन. लष्करात मुआयना, म्हणजे तपासणी, असली की गाडीची खालची बाजूही वरच्यासारखी रंगवतात, जिथे कोणाची नजर जात नाही तिथेही. मी बोल्टांच्या डोक्यांना लहान ब्रशने वेगळा रंग दिला होता. बारा वर्षांची जुनी चॅसिस, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, पण खाली झोपून वर पाहिलं तर शोरूमच्या गाडीसारखी दिसायची. माझ्या हातून त्या वयापर्यंत एवढं नेटकं काम दुसरं झालं नव्हतं. त्या रंगावर माझा जीव होता, हे आज सरळ सांगते.

निघायच्या दिवशी दुपारी मी पोत्यावर पाठ टेकून गाडीखाली गेले. बाबा बाहेर स्टुलावर. मला त्यांच्या चपला आणि पायजम्याच्या कडा तेवढ्या दिसत होत्या. "एक नंबर, डावा इंडिकेटर, पिवळी." "एक नंबर, डावा इंडिकेटर, पिवळी." तार सोलायची, गुंफायची, सॉकेटमध्ये घालून स्क्रू आवळायचा, काळी टेप. त्यांचा आवाज एकसुरी होता, घाई नाही, कौतुकही नाही. मग म्हणाले, "तीन नंबर, पांढरी. अर्थिंग. चॅसिसच्या बोल्टाखालचा रंग खरवड, लोखंड चकाकलं पाहिजे. मग थिंबल, मग नट." माझ्या एका हातात पाना होता, दुसऱ्यात तारेच्या टोकाला दाबून बसवलेली ती तांब्याची छोटी कडी, जिला थिंबल म्हणतात. स्क्रूड्रायव्हर छातीवर होता. मी त्या बोल्टाकडे पाहिलं. काळाभोर, गुळगुळीत, एक ओघळ नाही. मी म्हणाले, "तीन नंबर, पांढरी, अर्थिंग. रंग खरवडला, लोखंड चकाकलं. थिंबल. नट." एका दमात म्हणाले. थिंबल रंगावरच बसवली आणि नट पूर्ण आवळला. बाबांकडे दाढीचा एक आरसा होता, काठीला बांधलेला, तो गाडीखाली सरकवून ते दुसऱ्यांचं काम बघायचे. त्या दिवशी त्यांनी तो मागितला नाही.

तपासणी झाली. ट्रॉली जोडली, टोचनच्या, म्हणजे ट्रॉली ओढायच्या, हुकला ग्रीस लावलं, प्लग घातला. दादाने ब्रेक दाबला, मागचे दोन्ही लाल दिवे भक्कन पेटले. डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, पार्किंग, सगळे लागले. आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "अगं बाई, हे तर दिवाळीसारखं दिसतंय!" मला मनातून बरं वाटलं. खरवडायची गरज नव्हतीच, हे दिव्यांनीच सिद्ध केलं होतं. बरोबर पाच वाजता दादा निघाला. "ओ बाबा, टेंशन नक्को, सकाळी सातला परत येतो," म्हणाला आणि कॅसेट लावून गल्लीच्या तोंडाशी वळला. वळताना त्याने मुद्दाम इंडिकेटर दिला. तो माझ्यासाठी होता.

आईने गराडू, म्हणजे आमच्याकडचा एक कंद, तळायला घेतले. हिवाळ्यात आमच्याकडे संध्याकाळी गराडू व्हायचेच. उकडून ठेवलेल्या फोडी तेलात पडल्या की आधी जोराचा चर्र आवाज, मग हळू कुरकुर, मग वरून लिंबू आणि जिरावणाचा मसाला. बाबा खुशीत होते. पडल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी स्वतःहून बोलायला सुरुवात केली. आईला वायरिंग कळावं असं काही कारण नव्हतं, पण त्यांनी दोन कपबशा पुढे ओढल्या. "हा कप पिकअप, हा ट्रॉली. वीज तारेने जाते, दिवा पेटवते, आणि तिला परतही यावं लागतं. लोक काय करतात, परतीची तार देतच नाहीत. म्हणतात, हुक लोखंडाचा आहे, येईल त्यातून. अंगणात येतेही. पण रस्त्यावर हुक उड्या मारतो, त्यात ग्रीस भरलेलं. एक खड्डा आला की संबंध तुटला, मागचे सगळे दिवे एकदम गुल. पुढे ड्रायव्हरला पत्ताही नाही." आई म्हणाली, "मग?" बाबांनी चमचा दोन्ही कपांवर आडवा ठेवला. "म्हणून आपली तीन नंबर. तार थेट चॅसिसला, लोखंडाला लोखंड. मग हुक कितीही नाचू दे. आणि एक लक्षात ठेव, मुळात नसलेल्या दिव्यापेक्षा विझणारा दिवा वाईट. मागचा माणूस दिव्यावर विश्वास ठेवून चालवतो. दिवा गेला की त्याला वाटतं, पुढची गाडी वळून गेली. तो वेग वाढवतो."

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून नऊ मिनिटं झाली होती. माझ्या तोंडात गराडूची फोड होती. अंगणात दिवे कशाने लागले होते ते मला त्या क्षणी चमच्यासकट दिसलं. वीज हुकमधून परत आली होती. माझ्या तीन नंबरने काहीच केलं नव्हतं, थिंबल नुसती रंगावर बसली होती. पुढची अकरा मिनिटं मी त्याबद्दल काही बोलले नाही. हा आकडा अंदाजाचा नाही, मी घड्याळाकडेच बघत होते. मी स्वतःला सांगत होते की बोल्टाच्या आट्यांतून थोडं तरी लोखंड लागत असेल. की नव्वद ट्रॉल्या बिनदिव्याच्या जातातच. की दादा अजून शहरातच असेल, शहरात उजेड असतो. या अकरा मिनिटांत मी आणखी चार फोडी खाल्ल्या, आईने विचारल्यावर "मसाला कमी आहे" असंही म्हणाले. मी पुढे आयुष्यभर विजेच्या मीटरांच्या तपासणीचं काम केलं. हाताखालची मुलं म्हणतात की मॅडम दुसऱ्याने वाचलेला आकडा मानतच नाहीत, स्वतः वाकून बघतात. ती हे कौतुकाने म्हणतात की कंटाळून, ते मी विचारलेलं नाही.

पाच वीसला मी म्हणाले, "बाबा, मी रंग खरवडला नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. "कुठला?"

"तीन नंबरचा."

"अजिबात?"

"अजिबात."

मी त्यांच्या ओरडण्याची वाट बघत होते. ते उठले, डाव्या हाताने खुंटीवरची टॉर्च काढली आणि म्हणाले, "स्कूटर काढ." आई झारा हातात घेऊनच दाराशी आली. "अहो, हात प्लास्टरमध्ये अन् हे चालले कुठे? काय झालं काय? सुने, काय केलंस तू?" बाबा तिला म्हणाले, "प्रदीपच्या मागचे दिवे जातील." बस, एवढंच. आईने झारा कढईत टाकला, त्यांच्या डोक्याला मफलर गुंडाळला आणि मला दादाचा स्वेटर फेकून म्हणाली, "हळू नको चालवू."

आमची स्कूटर डावीकडे कलवून किक मारली तरच चालू व्हायची. पाच पंचवीसला आम्ही निघालो. बाबा मागे, डाव्या हाताने स्टेपनी धरून.  गांधीनगरच्या पुढे रस्ता मोकळा झाला तेव्हा मी न राहवून हिशोब मोठ्याने मांडला. "दादा इथून दहा मिनिटांपूर्वी गेला असेल. तो पंचवीसने, आपण चाळीसने. सतरा मिनिटांत गाठू." कानामागून बाबा म्हणाले, "कॅसेट लावून तुझा भाऊ पंचवीसने चालवतो? तीस धर." मी परत मांडलं. पाच किलोमीटरचं अंतर, तासाला दहाने कमी होणार. अर्धा तास. म्हणजे सहा वीस. सूर्य तेव्हा गव्हाच्या शेतांपलीकडे टेकला होता. तोपर्यंत पंधरा किलोमीटर अंधारात, खड्ड्यांच्या रस्त्यावर, आणि दादा ब्रेक दाबून निश्चिंत की मागे दिवा लागलाय. त्याची निश्चिंती मीच त्याला दिली होती. थंडीने बोटं वाकडी झाली होती. रस्त्याच्या कडेला एखादी मोठी गाडी उभी दिसली की मी तिच्या काचेकडे बघायचे, फुटलेली तर नाही.

हातोदच्या पुढे, सहा पंचवीसला, दूर दोन लाल ठिपके दिसले. "लागलेत! बाबा, दोन्ही लागलेत!" मी ओरडले. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थोडा रागही आला, उगाच कबूल केलं म्हणून. बाबा म्हणाले, "बघत राहा." ठिपके गेले. एकदम, दोन्ही. समोर फक्त काळोख. मी मोजायला लागले, मोजल्याशिवाय मला धीरच राहत नाही. सहावर परत आले. पुन्हा गेले, चारवर आले. मग गेले ते एकोणीस मोजेपर्यंत आले नाहीत. एकोणीस सेकंद त्या रस्त्यावर तीन टनांचं लोखंड होतं आणि नव्हतंही. हॉर्न वाजवला, पण आमच्या स्कूटरचा हॉर्न कोंबडीच्या पिलाएवढा, आणि जनरेटरच्या आड दादाच्या आरशात आम्ही दिसत नव्हतो. पुढे जाऊन अडवावं तर समोरून ट्रॅक्टरची रांग येत होती.

तेवढ्यात मागून बसचा भोंगा वाजला.

बाबा वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "ट्रॉलीच्या मागे लाग. दहा फूट. दुसरा गिअर टाक, रेस सोडू नको." मला लगेच कळलं. जुन्या स्कूटरचा दिवा इंजिनाच्या जोरावर असतो, रेस कमी केली की मंद होतो. आमचा मागचा एवढासा लाल दिवा, तोच आता ट्रॉलीचा दिवा होता. मी म्हणाले, "दहा फूट, दुसरा गिअर, रेस सोडणार नाही." या वेळी खरं म्हणाले. बाबांनी प्लास्टरचा पांढरा हात उजवीकडे आडवा बाहेर काढला. बसचा उजेड आमच्यावर पडला आणि समोर जनरेटरच्या पत्र्यावर आमची सावली उभी राहिली, दोन डोकी आणि एक आडवा हात. बस जवळ येईल तशी ती सावली मोठी होत होती. मागे वळून बघायची सोय नव्हती, मी त्या सावलीवरूनच अंतर मोजत होते. ती पत्र्याच्या निम्म्यावर होती, मग पाऊणवर, मग माझं डोकं पत्र्याच्या वरच्या काठाला लागलं. त्याच वेळी ट्रॉली खड्ड्यात आपटली आणि तिचे दिवे गेले. मागे ब्रेक किंचाळले. सावली काठावर थांबली, थरथरली आणि हळूहळू परत लहान व्हायला लागली. बाबांचा हात खाली आला नव्हता. 

दोन किलोमीटर बस आमच्या मागे भोंगा वाजवत राहिली. रस्ता रुंद झाला तशी ती शेजारून सुटली. कंडक्टर दाराला लटकून ओरडला, "ओ बाई, बाप की सड़क है क्या!" बाबांनी तिथूनच लष्करी आवाज काढला, "ओ भिया! आगे वाली पिकअप को रोको! लाइट बंद है उसकी!" कंडक्टरने आधी आम्हाला हातवारे केले, मग त्याला काय समजलं कोण जाणे, त्याने बसच्या पत्र्यावर थापा मारल्या आणि दादाच्या खिडकीशी ओरडला, "अरे भिया, रोक ले! तेरे पीछे एक छोरी और पलस्तर वाले बाबूजी मर रिये हैं!"

दादा थांबला. उतरून धावत आला तो पांढराफटक. "बाबा? तुम्ही? आईला काय झालं?"

"आईला काही नाही," मी म्हणाले. "अर्थिंगची जागा मी खरवडली नव्हती. खरवडली असं खोटं सांगितलं. तुझे दिवे जात होते." त्याने माझ्याकडे बघितलं, मग ट्रॉलीकडे. तेवढ्यात बाबा म्हणाले, "स्क्रूड्रायव्हर."

मी रस्त्याच्या कडेच्या खडीवर पाठ टेकली. दादाने टॉर्च धरली. नट सैल केला, थिंबल बाजूला केली आणि तो रंग खरवडला. काळा गेला, खालचा लाल गेला, पांढरं लोखंड निघालं. चार मिनिटंही लागली नाहीत. बाहेरून बाबांनी विचारलं, "लोखंड दिसतंय?"

"दिसतंय."

नट लाव, असं ते म्हणतील म्हणून मी थांबले.  मग त्यांचा डावा हात बंपरवर टेकलेला दिसला, एक गुडघा खाली आला, दुसरा आला, आणि प्लास्टरचा हात अंगापासून दूर धरून बाबांनी आपला गाल त्या खडीवर टेकवला. मफलर सुटून धुळीत पडला. आमची तोंडं वीतभर अंतरावर होती, पण ते माझ्याकडे बघत नव्हते, त्या बोल्टाकडे बघत होते. चांगलं बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "हं. नट." उठताना त्यांना दादाने हात दिला. मला तो धीर झाला नाही.

दादाने ब्रेक दाबला. मग पार्किंगचे दिवे चालू ठेवून बाबांनी त्याला हुकवर तीनदा उडी मारायला लावली, मी दिव्यांकडे बघत उभी राहिले. जात नव्हते. दादाने हात झटकले आणि मला विचारलं, "कुठपासून होतात तुम्ही मागे?"

"सव्वातीन किलोमीटर."

तो शिव्या देईल असं मला वाटलं, द्यायला हव्या होत्या. तो गाडीत चढला. कॅसेट बंद झाल्याचा खटका मला बाहेर ऐकू आला. पिकअप हळूच निघाली, खरोखर पंचवीसने.

बाबा मागे बसले, मफलर झटकून पुन्हा बांधला. "आता घरी," म्हणाले. मी किक मारली आणि स्कूटर वळवली नाही. ट्रॉलीच्या मागे लावली, दहा फूट.  खड्डा आला. दोन्ही लाल दिवे वर उडाले, खाली आले, पेटलेलेच राहिले. पुढे दुसरा आला, बराच खोल, तरी राहिले. तिसऱ्यालाही राहिले.

"पुरे, सुने. लागतायत."

"अजून एक," मी म्हणाले. बाबांनी माझ्या खांद्यावरून मान पुढे काढली, आणि आम्ही दोघं पुढच्या खड्ड्याची वाट बघत त्या दिव्यांच्या मागे निघालो.